तेल लावलेलं डोकं

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी तुम्हाला गंमत म्हणून सांगितलं, की आजीकडच्या स्वयंपाकाच्या बाईची मुलगी मेंदूच्या तपासणीला डोक्यावर तेल थापून गेली आणि मशीनवाल्याने तिला परत पाठवलं. तुम्ही दोघंही हसलात. धाकट्याच्या हातून तर फोन पडला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण रागात माझे शब्द उलटसुलट येतात. लिहिताना तसं होत नाही. म्हणून आता क्रमाने सांगते, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत वाचायचं.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकते. घरचे लोक सालेकशाकडच्या जंगलपट्टीतले. वडील गोंदियात मालाचा ऑटो चालवतात, आई इथे कुडव्याला माझ्याकडे स्वयंपाक करते. शाळा सुटली की मुलगी माझ्याच घरी येते आणि जेवणाच्या टेबलावर दप्तर पसरते. हुशार आहे. पण तिच्या वहीत वाक्यं मध्येच तुटलेली असत. ‘नदी डोंगरातून’ आणि पुढे एकदम ‘समुद्राला मिळते’. मधलं गायब.

शाळेतल्या बाईंनी याचं निदान परस्पर करून टाकलं होतं: मुलगी उद्धट आहे. प्रश्न विचारला की डोळे उघडे ठेवून गप्प बसते, हाक मारली तरी बघत नाही. त्यावर बाईंचा उपाय म्हणजे वर्गाबाहेर उभं करणं. उपायाचा गुण येईना, तेव्हा मुख्याध्यापिकेने आईला बोलावून सांगितलं, “तुमची मुलगी मंद आहे. दिवाळीनंतर तिची दुसरी सोय बघा.”

दुसरी सोय म्हणजे काय, ते आईने त्याच दिवशी पोळ्या लाटता लाटता ठरवलं. “दिवाळीले गावाले जातो बाई, तं तिले आजीपाशी सोडून येतो. बकऱ्या तं राखन. इथं वर्गाच्या बाहेर उभी राहून काय शिकून राहिली?”

नऊ वर्षांच्या मुलीचं शिक्षण एका दुपारी संपलं होतं आणि पोळी तव्यावर फुगत होती.

मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल आहे, ती तुम्ही पाहिली आहे. रविवारी सकाळी मुलगी तिथे फुंकणीने जाळ करत होती. लाकूड ओलसर होतं, त्यामुळे छाती भरभरून फुंकत होती. मी कढीपत्ता तोडत होते. एकदम ती थांबली. फुंकणी ओठांपासून जरा दूर, पापण्या बारीक फडफडताहेत, नजर राखेकडे, पण राख दिसत नसावी.

आतून आई ओरडली, “काऊन थांबली वो? नुसता धूर करून राहिली!”

उत्तर नाही.

“पाहा बाई, इचे नाटकं. काम सांगतलं का सोंग.”

तेवढ्यात मुलगी पुन्हा फुंकू लागली, जणू मधे काही झालंच नाही. मी विचारलं, “का गं थांबलीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मी कुठं थांबली, आजी?”

खोटं बोलणारं मूल मी ओळखते. दोन तर मी स्वतःच वाढवली. ही खोटं बोलत नव्हती. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. जोरात फुंकलं की तेच. सोंगाला चूल कशाला लागेल? सोंग तर मुलांना गृहपाठाच्या वेळी आठवतं.

नागपूरहून मेंदूचे एक डॉक्टर ठरलेल्या दिवशी गोंदियात येतात. मी मायलेकींना तिथे घेऊन गेले. डॉक्टरांनी चुलीची हकीकत नीट ऐकली आणि म्हणाले, ही एक प्रकारची फिट असू शकते. आई उखडलीच. “फिट आली का माणूस पडते, तोंडाले फेस येते. इले तसं काईच होत नाही.” डॉक्टर म्हणाले, या प्रकारात मूल पडत नाही, काही क्षण फक्त मनाने तिथून निघून जातं; जोरजोरात श्वास घेतला की बहुतेकदा असं होतं. खात्रीसाठी मेंदूतल्या विजेची तपासणी करू.

तुमच्यातल्या मोठीने परवाच्या कॉलवर मला विचारलं होतं, “आजी, सरळ एमआरआय का नाही केला?” तिला उत्तर देते. एमआरआय म्हणजे शाळेच्या इमारतीचा उत्तम फोटो. भिंतीला तडा असेल तर दिसेल. पण वर्गात आत्ता काय चाललं आहे, ते त्यात कळत नाही. ते कळायला कंपाउंडच्या भिंतीला कान लावावा लागतो. ईईजी, म्हणजे ती विजेची तपासणी, हा तसा कान.

आत चालतं ते असं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखं, म्हणजे भाताच्या खाचरांसारखं समजा. वरच्या बांधीत पाणी साठत जातं. ते धुऱ्यातल्या, म्हणजे मधल्या बांधातल्या, तोंडापर्यंत चढत नाही तोवर खालच्या बांधीला थेंब मिळत नाही, आणि चढलं की धार सुटते. पेशीचंही तसंच. इकडून तिकडून आलेले छोटे निरोप साठतात, मर्यादा ओलांडली की विजेचा एक झटका सुटतो, नाहीतर काहीच नाही. अर्धा झटका नसतो. तो झटका पेशीच्या लांब धाग्यावरून धावत टोकाला जातो. टोकाशी बारीकशी फट असते. तिथे रसायन सुटतं, फट ओलांडतं, आणि पुढच्या पेशीला एक तर उठवतं, नाही तर गप्प बसवतं.

एका पेशीचं बोलणं कवटीबाहेर ऐकू येत नाही. हजारो पेशींचा मिळून जो गलका होतो, तेवढाच येतो. मधल्या सुट्टीत शाळेबाहेरून जातो तेव्हा कसा नुसता कलकलाट ऐकू येतो, तसा. निरोगी जागा मेंदू म्हणजे ती मधली सुट्टी. आणि या फिटमध्ये काय होतं? सगळी शाळा अचानक एका सुरात पाढे म्हणायला लागते. त्या वेळात दुसरं काही ऐकणं, बोलणं, समजणं शक्यच नाही. पाढे थांबले की पुन्हा कलकलाट, आणि मुलीला वाटतं काहीच झालं नाही.

आता तेलाचं. कवटीबाहेर पोचणारी ती वीज इतकी क्षीण असते की टाळूला चिकटवलेल्या तारेची पकड जरा सैल पडली तरी रेघा बिघडतात. तेलकट टाळूवर तार टिकत नाही. हे मला आज माहीत आहे. त्या सकाळी आईला एवढंच माहीत होतं, की मोठ्या ठिकाणी लेकराला कोरड्या डोक्याने नेत नाहीत. कोरडं डोकं मायबाप नसलेल्या पोराचं. त्यातून हा दवाखाना डोक्याचा, म्हणून तिने गावाहून आलेलं मोहाच्या बियांचं तेल दुप्पट जिरवलं आणि दोन वेण्या घट्ट घातल्या. मी ऑटोत बसले तेव्हा वास आला. मला वाटलं, छान नीटनेटकी केली आहे मुलगी.

मशीनवाल्याने वेणी बोटाने उचलली. “ये क्या लगाके लाई हो? जलेबी तलनी है क्या? चलो, वापस जाओ, शाम्पू करके आना.”

मागच्या बाकावरची माणसं हसली. तुमच्यासारखीच. मुलगी आईच्या पदरात तोंड घालून उभी राहिली.

मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. यंत्राच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, इंग्रजीत सूचना: केस धुऊन यावे, तेल लावू नये. म्हणजे ज्याला इंग्रजी येतं त्याने, तेही खोलीत शिरल्यावर, वाचायचं की येताना काय करून यायला नको होतं! मागे नळ होता, नळावर साबण होता. दहा मिनिटांचं काम. ते कुणाला सुचलं नाही.

मग मी त्याला इंग्रजीत सुनावलं. दोनच वाक्यं. तो उभा राहिला, ‘मॅडम’ म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. माझ्यासाठी. मायलेकी उभ्याच. मुलांनो, त्याच्या जलेबीपेक्षा मला त्या खुर्चीचा राग जास्त आला. मी बसले नाही. पण इंग्रजी बोलूनही तारीख मिळाली ती थेट पुढच्या आठवड्याची.

परतताना ऑटोत आई एकदाच बोलली. “बाई, मी काय वाईट केलं?”

पुढच्या वेळी मुलगी शिकेकाईने धुतलेले भुरभुरीत केस घेऊन गेली, आणि घाबरून. तारा लागल्या. डोळे उघड, डोळे मीट, दिव्याची उघडझाप, सगळं झालं. पडद्यावर कलकलाटाच्या बारीक रेघा. शेवटी मशीनवाला म्हणाला, “अब ज़ोर ज़ोर से साँस लो.” ही मुलगी याच माणसासमोर जोरात श्वास घेईल? मांजराच्या पिलाएवढा घेतला. तो म्हणाला, “ठीक है, नॉर्मल है, हो गया,” आणि तारा काढायला उठला.

नॉर्मल. म्हणजे बकऱ्या.

“थांबा!” मी म्हटलं. आणि मला पुढचं सुचायच्या आत आई पुढे झाली. तिने मुलीची मूठ धरली, पोकळ केली, तिच्या तोंडाशी नेली. “चूल विझून राहिली वो. फुंक! बाईले आंघोळीले पानी पाहिजे. फुंक, अजून फुंक!”

मुलगी फुंकू लागली. हे काम तिला येत होतं. मशीनवाला खाली बसला. ती फुंकत राहिली, फुंकत राहिली, आणि थांबली. मूठ ओठांपासून जरा दूर. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या, उंच, टोकदार, एकीसारखी दुसरी. पाढे.

“हेच!” आई म्हणाली. “घरी हेच करते.” मग तिने पडद्याकडे पाहिलं, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. सोंग नव्हतं. हे तिला त्या रेघांनी सांगितलं, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही.

रेघा शांत झाल्या. मुलगी पुन्हा फुंकायला लागली. आईने डोळे पुसले आणि मशीनवाल्याकडे वळली. “पाहा भाऊ, तळली का जलेबी?”

तो मान खाली घालून रेघांवर वेळेची खूण करू लागला.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. एकही वेळ चुकवू नका म्हणाले, आणि बऱ्याच मुलांची ही तक्रार मोठेपणी जाते असंही म्हणाले. तो कागद घेऊन आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेने तो वाचला, घडी घातली. “म्हणजे आम्ही म्हणत होतो ते बरोबरच. मेंदूतच दोष आहे.”

माझी जीभ तापली होती, पण बोलली ती आई. “म्याडम, दवा सुरू हाये. तुमी तिले बाहेर उभं केलं, मी तिले मारलं. तुमाले दिसलं नाही, मलेही दिसलं नाही. आता दिसलं. ती गावाले जात नाही. इथंच बसन.”

‘बसेल का’ नाही. बसन. मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे, बघू.

दिवाळीला मायलेकी गावाला गेल्या आणि दोघी परत आल्या. मुलगी आता पहिल्या बाकावर बसते. औषध लागू पडलं आहे. वहीतली नदी आता डोंगरातून उगम पावते, मैदानातून वाहते आणि मगच समुद्राला मिळते. मागच्या आठवड्यात टेबलावर बसून ती मला म्हणाली, “आजी, आमच्या बाई आता पुऱ्या बोलतात.”

“म्हणजे?”

“पयले मधले मधले शब्द खाऊन टाकत. आता नाही खात. सुधरल्या.”

तिला वाटत होतं, सगळ्यांनाच जग असं तुकड्यातुकड्यांत ऐकू येतं, आणि मधलं ज्याचं त्याने जुळवायचं असतं. एवढी वर्षं ती जुळवत होती. त्यासाठी उन्हात उभी राहत होती.

तिच्या बाईंनी अजून एका शब्दाने माफी मागितलेली नाही. मुलीने मात्र बाईंना कधीच माफ करून टाकलं आहे. तिच्या मते सुधारल्या त्या बाईच.

मी माफ केलेलं नाही.