कपाटातली भातुकली

पोंभुर्ण्याच्या पल्याड, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात कमळाबाई अंगणवाडी चालवतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता मिशांना पीळ देतात. पण रस्त्यात बाई दिसल्या की आधी शर्टाची बटणं लावतात. एवढा वचक!

बाईंचा सगळा तोरा मात्र एका लोखंडी कपाटात. सरकारकडून आलेली खेळणी त्यात होती : चूल, कढई, बाहुली, डॉक्टरची पेटी. सगळं प्लास्टिकच्या पिशवीसकट, कोरं करकरीत. शेजारच्या गावात हीच खेळणी आठवडाभरात खिळखिळी झाली. मीटिंगमध्ये बाई मान ताठ करून सांगत, "माह्या इथी एक ओरखडा दाखवा!"

वरून फोटो मागितला की तेवढं कपाट उघडायचं. पोरं रांगेत बसायची. तेव्हा बाईंचा आवाज तुपात भिजलेला : "धरा रे राजा... खेळून राह्यले तसं दाखवा... हासा." फोटो निघाला की त्याच घशातून फोडणी तडतडायची, "झालं! वापस करा! विक्क्या, सोड म्हणते न!"

एके दुपारी सोनीबाई नातीला न्यायला आल्या. मागच्या अंगणात गलका चालला होता. सोनीबाई डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून खुदखुदल्या.

"कमळाबाई, या वो लवकर! तुमची जुळी बहीण सापडली."

सोनीबाईंची नात दिव्यानी विटेवर उभी होती. हातात कौलाचा तुकडा, तो मोबाईल. समोर पोरं मांडीवर गोटे घेऊन बसलेली.

"धरा रेऽ राजा," दिव्यानी नाकातून म्हणाली. मान वाकडी, एक डोळा बारीक. "हासा. विक्क्या, दात!"

सगळ्यांनी दात विचकले.

"च्याक! झालं! वापस करा!"

गोटे पटापट टोपल्यात पडले. लगेच भांडण, "आता मी बाई!" "नाई, माहा नंबर हाय!"

"अंगणवाडी-अंगणवाडी खेळून राह्यलो, आजी," दिव्यानीनं समजावलं. सोनीबाईंना हसू आवरेना. नातीचा हात धरून त्या निघाल्या, त्या हसतच.

कमळाबाईही हसायला गेल्या. ओठ उघडले, हसू काही आलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या. गावभर होईल, त्याचं एक वेळ चाललं असतं. पण प्रशिक्षणात याच बाईंनी उठून सांगितलं होतं की लेकरू खोटं-खोटं खेळते तेव्हा आजूबाजूचं जग समजून घेते. टाळ्या पडल्या होत्या. लेकरांनी खरंच समजून घेतलं होतं.

त्यांनी तरातरा कपाट उघडलं, प्लास्टिक दातांनी फाडलं, खेळणी सतरंजीवर ओतली. "घ्या. खेळा."

पोरं मुकाट रांगेत बसली. एकेक वस्तू छातीशी धरली आणि दात दाखवले.

"फोटो नाई काढाचा रे! मनानं खेळा न!"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. चुळबुळत विक्कीनं कढईचा कान पिरगाळला. कट्! त्याचे हात झटकन पाठीमागे गेले.

"म्या नाई तोडला, बाई."

"तुटू दे रे राजा," बाई म्हणाल्या, होता नव्हता तेवढा मऊपणा गोळा करून.

तो आवाज विक्कीच्या ओळखीचा होता. त्यानं आधी दात दाखवले. मग भोकाड पसरलं. त्याला जवळ घ्यावं म्हणून बाईंनी हात पुढे केला, तर त्यानं कढईच त्यांच्या हातात दिली.