परत येण्याची हमी

आमचे हे अमेरिकेला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला गेले, तेव्हा लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तिकडच्या सरकारने त्यांना विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना दिला होता, तोही वर्षभराचाच. वर्ष सरत आलं तसं मामंजींना सविस्तर पत्र आलं. कायद्यात राहून मुक्काम लांबवायचे रस्ते त्यात लिहिले होते: पुढच्या वर्गात नाव घालायचं, नाहीतर शिक्षणाचाच भाग म्हणून कारखान्यात काम शिकायचं, नाहीतर घरी येऊन नवा परवाना काढून पुन्हा जायचं. तो तिसरा रस्ता मी चोरून दोनदा वाचला. ह्यांनी पहिला धरला.

त्यासाठी इकडून एक कागद लागे. हा माणूस तिकडे कायमचं ठाण मांडणार नाही, याचा पुरावा. पुरावा म्हणजे मी. बायको बडोद्यात आहे, ती तिकडे जाणार नाही, शिक्षण संपताच नवरा तिच्याकडे परत येईल, असं मी मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं. मामंजी हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले. मसुदा करायला मिळाला की त्यांना हुरूप येई. महाराजांच्या राज्यात मुलींना शाळा सक्तीची, म्हणून मला सही येत होती. शिक्षणाचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी लिहिलं, मलाही बोलवा. उत्तर आलं, "तू आलीस तर मी इथेच राहणार असं धरतील आणि मुदत मिळणार नाही. थोडा धीर धर." म्हणजे मी बडोद्याच्या घडियाळी पोळीत, आमच्या गल्लीतल्या घरात, जितकी घट्ट बसणार, तितके हे लांब राहणार. असा संताप आला म्हणून सांगू! पण सही केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, महाराजसुद्धा विलायतेला जातात. येतातच ना परत?"

"त्यांचं राज्य आहे इथे. ह्यांचं काय आहे?" मी म्हटलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षीचं पत्र आखूड होतं. "माझी सायकल चुलतभावाला देऊन टाका, पुस्तकं ज्याला हवी त्याला द्या, माझी खोली उगाच अडवून ठेवू नका." खाली कागदाची आठवण. परत येणारा माणूस असं लिहितो का, हे मी कुणालाच विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

कचेरीत या खेपेला मॅजिस्ट्रेट नवे होते, वयस्कर गुजराती गृहस्थ. आधीच्यांनी मान वर न करता शिक्का मारला होता. या नव्या साहेबांनी कागद सबंध वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बेन, तमारा वर पाछा आवशे, ए तमे खातरीथी कहो छो?" नवरा परत येईल हे मी खात्रीने सांगते का, असं.

"हो साहेब," मामंजी घाईने म्हणाले.

"तमने नथी पूछतो, काका."

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का न मारताच कागद परत दिला. आम्ही घरी आलो. दारात मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या पुन्हा जाऊ." मी गेले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पुढेही नाही. सासूबाई रडल्या, मामंजींनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. तिकडची मुदत संपली.

हे आले. स्टेशनवर मी त्यांना चालण्यावरूनच ओळखलं, इतके वाळले होते. पदवीला एकच वर्ष उरलं होतं, ते उरलं ते कायमचंच; पुढे त्यांनी जन्मभर एका गिरणीत कारकुनी केली. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "कागद का नाही पाठवलास?"

"तुम्ही परत याल, असं शपथेवर सांगवेना."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी येणारच होतो गं."

आवाजात राग नव्हता. आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला.