तांड्याच्या बायांनी शिवलेला नाला

पंधरा दिवसांपूर्वी दिलेलं कापड सोमलीबाईंनी माझ्या हातात परत ठेवलं. घडी होती तशीच होती. एक टाकाही पडलेला नव्हता.

"झालं नाही का?" मी विचारलं.

"न्हाई झालं, ताई."

"वेळ मिळाला नाही?"

"येळ व्हता."

एवढं बोलून त्या शेळ्यांना पाला टाकायला गेल्या. बाकीच्या बाया माझ्याकडे बघत बसल्या. चहा मात्र सगळ्यांनी आग्रहानं पाजला.

मी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. पाणलोट म्हणजे ज्या भागात पडलेला पाऊस वाहत येऊन एका नाल्याला मिळतो तो सगळा भाग. माझं पद 'कम्युनिटी मोबिलायझर'. इंजिनिअरच्या आधी गावात जाऊन लोकांशी बोलणारी बाई, असं समजा. हा बंजाऱ्यांचा तांडा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं, जीप सोडून थोडं चालल्यावर येतो. सोमलीबाई तिथल्या सगळ्यात जुन्या कशिदेवाल्या. आरसे आणि कवड्या लावून त्या जे भरतकाम करतात, ते बघायला लग्नसराईत लांबून बाया येतात.

त्या वर्षी आमची संस्था एका मोठ्या उपक्रमात सामील झाली होती. वेगवेगळ्या देशांतल्या गावांनी आपल्या माती-पाण्यावर एकेक कापड करायचं, ती सगळी जोडून परदेशातल्या एका परिषदेत लावायची. आमच्या पुण्याच्या ऑफिसनं कापडावर डिझाइन छापूनच पाठवलं होतं. पृथ्वीचा गोळा, त्याखाली दोन हात, वर झाड. बायांनी फक्त रेघांवर टाके घालायचे.

मी पुण्याला फोन केला. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर मॅडम घाईत होत्या.

"हिंगोलीत एखाद्या टेलरकडून करून घ्या ना. बायांचे फोटो तेवढे घ्या."

"ते खोटं होईल, मॅडम."

"मग बायांना तयार करा. डेडलाइन आहे."

खरं सांगते, टेलरचा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घरी ठेवून तांड्यावर गेले. आमचं एक ट्रेनिंग झालं होतं, 'डीप लिसनिंग'चं. समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकायचं, तो थांबला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, एवढीच गोष्ट. मला त्याचं सर्टिफिकेट मिळालेलं होतं. वापर एकदाही केला नव्हता.

सोमलीबाई ओट्यावर नातीची ओढणी भरत होत्या. मी शेजारी बसले आणि सुईत दोरा ओवून द्यायला लागले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला ते जड गेलं. माझा पगारच बोलण्याचा आहे.

"त्या कापडात आमचं काय हाय?" त्या आपणहून म्हणाल्या.

मी पुढच्या सुईत दोरा ओवला.

"आन् ते शिवलं म्हंजे तुमचं काम आमाला मंजूर, असं व्हईल. आमाला ते मंजूर न्हाई."

"कुठलं काम, याडी?" तांड्यात आईला याडी म्हणतात. मीही त्यांना तशीच हाक मारायचे.

"नाल्याचं. मशीन येऊन राहिली ना पुढच्या आठवड्यात?"

ते काम आमच्याच संस्थेचं होतं. नाला खोल करायचा, म्हणजे पाणी जास्त साठतं. निघालेली माती काठावर टाकायची. ग्रामसभेत मंजुरी झाली होती. मंजुरी देणारे सगळे पुरुष होते.

"जिथं माती टाकनार, तिथं आमचा झिरा हाय," त्या म्हणाल्या. झिरा म्हणजे जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा लहानसा खड्डा. "हातपंप आटला तरी त्यो आटत न्हाई. माझ्या सासूनं दाखवला मला."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनी? साहेब आला, फिरला, फोटो काढून गेला. झिऱ्यावर आमी फरशी झाकून ठिवतो, गुरं घान करतेत म्हनून. साहेब त्या फरशीवरच हुबा व्हता."

वर्षभर मी त्या तांड्यावर येत होते. मीटिंगा घेतल्या, सह्या-अंगठे घेतले. ही गोष्ट मला माहीत नव्हती.

आमचे इंजिनिअर जाधव साहेब. त्यांना फोन केला, तर ते वैतागले.

"ड्रॉइंग पास झालंय, ताई. मशीन बुक आहे. सर्व्हेत झिरा नाही."

"सर्व्हे करताना तुम्ही त्याच्यावर उभे होता."

"कागद दाखवा काहीतरी," शेवटी ते म्हणाले.

बायांकडे कागद कुठून येणार? मी ते छापील कापड सोमलीबाईंपुढं उलटं पसरलं. मागची बाजू कोरी होती. म्हटलं, "याडी, तुमचा नाला मला ह्याच्यावर दाखवा."

त्या हसल्या. मग सुनेला हाक मारली, तिनं शेजारणींना. कोळशानं रेघ ओढली गेली आणि भांडण सुरू झालं. धुण्याचा दगड वळणाच्या अलीकडं की पलीकडं? उंबर आधी की झिरा आधी? चार दिवस सात बाया बसल्या. नाला निळ्या दोऱ्याचा, गुरांची वाट कवड्यांची आणि जिथं जिथं पाणी पाझरतं तिथं आरसा. मला एकच झिरा ठाऊक झाला होता. आरसे तीन निघाले.

जाधव साहेब आले. कापड बाजेवर पसरलं होतं. त्यांनी शेजारी आपलं ड्रॉइंग ठेवलं आणि बोटानं वळणं मोजत गेले. माती टाकायच्या जागेवर बोट थांबलं. कापडावर तिथं दोन आरसे होते.

"चला, दाखवा," ते सोमलीबाईंना म्हणाले.

मे महिना होता. नाला ठणठणीत कोरडा. सोमलीबाईंनी आणि सुनेनं फरशी सरकवली. खाली वीतभर पाणी, स्वच्छ. साहेब ओंजळीनं पाणी प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "माझी चूक झाली, मावशी." त्यांना तसं म्हणायची कुणी सक्ती केली नव्हती. वरिष्ठांपुढं ड्रॉइंग बदलून घ्यायला त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी त्यांचे उपकार मानते.

मशीन दहा दिवस उशिरा आलं. माती पलीकडच्या काठावर पडली. झिऱ्यांजवळचा तुकडा खोदलाच नाही. बायांनी शिवलेलं ते नाल्याचं कापडच मी परिषदेला पाठवलं, तेही उशिरा पोचलं. मुख्य भिंत भरून गेली होती, म्हणून ते दाराजवळ लावलं, असं कळलं.

पण दाराजवळ असल्यामुळं येणारा-जाणारा थांबायचा. परिषदेनंतर एक ऑनलाइन मीटिंग झाली. माझ्या मोबाइलभोवती सगळा तांडा. परिषदेत आमचं कापड बघून गेलेली, दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगरी गावातली एक म्हातारी पडद्यावर आली. दुभाष्यानं तिचा प्रश्न सांगितला, "तुम्ही झरा कशानं झाकता?"

"फरशीनं," सोमलीबाई म्हणाल्या. "तुमी?"

त्यांच्या गावात लाकडाच्या फळीनं झाकतात. मग दोघी अर्धा तास बोलल्या. दुभाष्या घामाघूम झाला. मी त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता. त्यांच्याकडंही एक रस्ता झऱ्यावरून जाणार होता. सोमलीबाईंनी सल्ला दिला, "साहेबाला आदी पानी पाजा. मंग बोला."

आता आमचं पुण्याचं ऑफिस कोरं कापड पाठवतं. सर्व्हेला इंजिनिअरबरोबर गावातल्या दोन बाया असतात. हे सोमलीबाईंमुळं झालं आणि मी ते सगळीकडं सांगते. नव्या पोरी ट्रेनिंगला येतात तेव्हा विचारतात, लोक बोलतच नसतील तर काय करायचं? मी सांगते, ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना कळत नाही असं धरू नका. बहुतेक वेळा आपलं काय चुकतंय, ते त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.