पापणीवरची हळद

हळद शिजायला लागली की वाफेत माणूस ओळखू येत नाही. मी बांधावर बसून पाहते. बॉयलरजवळ एक हडकुळा माणूस पाठमोरा उभा असतो. कधी तो माझा सासरा असतो, कधी नवरा. वाफ विरली की माझा मुलगा निघतो. ते दोघे कधीच गेले, पण वाफेला ते कोणी सांगितलेलं नसावं.

तिघांच्याही पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळा डाग. मऊ, जरासा फुगीर. हळदीच्या दिवसांत आमच्याकडे नखं पिवळी, कान पिवळे, अंथरूणही पिवळं. त्यात या डागाचं कोणाला काय वाटणार? सासूबाई तर कौतुकानं म्हणायच्या, "आमच्या घरच्या मानसांची हळद उतरत न्हाई."

लग्नानंतर मी पदर ओला करून नवऱ्याचा डाग पुसून पाहिला होता. तो डोळे मिटून हसत बसला. "घास अजून. कातडं निघंल, हळद निघायची न्हाई."

चाळिशी गाठायच्या आत तो गेला. हळद पसरता पसरता खाली बसला, छातीवर हात ठेवला आणि आडवा झाला. सासराही असाच गेला होता. लोक म्हणाले, ऊन लागलं.

परवा गुडघा दाखवायला वसमतला गेले. डॉक्टरीणबाई गुडघा सोडून माझ्यामागं उभ्या असलेल्या मुलाकडेच पाहत राहिल्या. "आजी, यांचे वडील कशानं गेले?" मी सांगितलं. "आणि आजोबा?" तेही सांगितलं. मग त्यांनी त्याचं रक्त काढायला लावलं.

रक्तात चरबी फार निघाली. बाई म्हणाल्या, "ही घराण्यातून येते, बारीक माणसालाही होते. हृदयाच्या नळ्यांत आतून साचत जाते. पापणीवर दिसते ती तीच. गोळी कायम घ्यायची."

घरी येऊन मुलानं गोळ्या फळीवर टाकल्या. "माय, मला काहून गोळी? दम लागत न्हाई, काई दुखत न्हाई. मी काय म्हातारा हाय?"

"तुझा बाप म्हातारा होता का?"

"त्याचं येगळं."

"काय येगळं? सकाळी दोन भाकरी खाऊन गेला. त्याचंबी काई दुखत नव्हतं. दुपारी चौघांनी उचलून आनला."

सून भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. मी गोळी काढून त्याच्यापुढे धरली. बऱ्याच वेळानं त्यानं ती घेतली.

आता रोज जेवण झालं की माझ्यासमोर गिळतो. मग तोंड उघडून दाखवतो. "बगून घे, जिभंखाली ठिवली न्हाई."

मी बराबर बघते. शेतात जेवताना लोकांपुढं त्याला लाज वाटते. वाटू दे.