मामांचं विमान आणि आठ दिवसांचं पाणी

दुष्काळाच्या एका वर्षी आमच्या घरातलं आठ दिवसांचं पाणी मी जर्मनीवर खर्च केलं.

तेव्हा शहर बायपासच्या पलीकडं सरकलं होतं, शहरामागोमाग आम्हीही सरकलो होतो. नळ तेवढा मागं राहिला होता. आठवड्यातून एकदा हौदात करंगळीएवढी धार पडायची, ती मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायची. नव्या नोकरीच्या पगारातून मी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायचो. (वय वर्षं सव्वीस. स्थळं का येत नाहीत, हे आईला स्वच्छ दिसत होतं!)

अशात पैठणहून मामा आले. तरुणपणी ते हवाई दलात, चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानात शेपटाकडचे गनर होते. माझा खेळ पाच मिनिटं बघितला आणि भडकले.

"दोन गोळ्यांत पडलं? विमान हाय का पापड! एक इंजिन जळू दे, पंखाला भगदाडं पडू दे, घरी येतंय ते!"

"मामा, गेममधे असंच असतं."

"आन् तुझा गनर बसल्या जागी मैलावरचं टिपतोय व्हय? आमचं बूड असं हलायचं की एकाची तीन विमानं दिसायची!" मग हळूच म्हणाले, "एकदा तरी त्या जागेवर बसावं वाटतं रे."

माझ्या पोटात तुटलं. आणि माझ्या पोटात तुटलं की डोकं बंद पडतं.

पाण्याच्या दिवशी आई औरंगपुऱ्यात बाजाराला गेल्यावर मी कॉम्प्युटर मागच्या ओट्यावर मांडला. शेजारी पाण्याची मोटर, मोटरीवर फळी, फळीवर उशी, उशीवर नव्वद किलोंचे मामा! सेटिंगमधे विमानही मजबूत करून ठेवलं. बंदुकीचा माउस मामांच्या हाती, विमानाचा कीबोर्ड माझ्या. बटण दाबलं.

"अस्संच! भाच्या, अगदी अस्संच हलायचं!" मामांचे डोळे भरून आले.

जर्मनीवर बॉम्ब टाकून आम्ही परत फिरलो. शत्रू मागं लागला. मामांनी शेकडो गोळ्या झाडल्या, एक लागली नाही (खऱ्यासारखंच!). पहिलं इंजिन पेटलं तेव्हा मोटरीचा पाइप हलला. दुसरं पेटलं तेव्हा निसटला! गच्चीवर चढायचं पाणी थेट गल्लीत!

"मामा, उठा! पाणी!"

"चालव तू! विमान घरी न्यायचंय. गनर जागा सोडत नाय!"

मोटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, एकाच बटणावर. बटण बंद केलं की पाणी थांबणार आणि विमानही जाणार. हात बटणापर्यंत गेला. मामांकडं बघितलं. हात परत आला.

एव्हाना गल्लीला वर्दी गेली होती. शेजारच्या शकीलाचाची धारेखाली हंडा लावून ओरडल्या, "बेटा, अभी उतारो नक्को! और दो हंडे बाकी हैं!"

तिसरंही इंजिन गेलं. शेवटी उरलेल्या एका इंजिनावर मी विमान उतरवलं. मामांनी चिखलात मला मिठी मारली. "आणलं रे घरी!" म्हणून लहान पोरासारखे रडले. तेवढ्यात आई आली. ती काय बोलली ते छापता येणार नाही. पुढचे आठ दिवस शकीलाचाचींनी रोज एक हंडा, आमचाच, आम्हाला दिला.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्लीच्या खेळात गोळीगणिक वेगळं भोक पडतं, गनरचे नेम चुकतात, विमानं धूर सोडत घरी येतात. सगळं मामा म्हणायचे तसं. फक्त मागून शिव्या घालायला कोणी नाही, आणि त्या ऐकायला जीव तुटतो.

मामा गेले तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "तुमचं लई कौतिक होतं त्यांना. म्हणायचे, भाच्यानं चाकं खाली न सोडता, पोटावर घसरवत विमान आणलं. पण त्याला बोलू नका, एवढ्या मायेनं आणलं त्यानं."

मी डोळे पुसत मान डोलावली. उतरताना चाकं खाली सोडायची असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं!