किल्लीमावशींची आठवी

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेच्या नळ्या धुणाऱ्या किल्लीमावशींनी स्वतः एकही प्रयोग केला नव्हता. नवऱ्याला विचाराल तर तो म्हणतो, माझ्यावर केले तेवढे पुरेत. पण ते सोडा. मावशी सातवी पास झाल्या आणि घरी बसल्या. आठवीचं पुस्तक घरी आलं होतं, ते शाळेत काही गेलंच नाही. म्हणून विज्ञानाच्या बाई आकाश शिकवायला लागल्या, की मावशींचं फडकं एकाच बरणीवर अर्धा तास फिरत राही. महिनाअखेर निवृत्ती. त्याआधी आपल्या हातून एक तरी प्रयोग व्हावा, एवढीच आस. बोलायची मात्र चोरी. लोक म्हणणार, म्हातारपणी डोहाळे लागले.

त्यात बाईंनी आठवीच्या मुलींकडून उपग्रह करून घेतला. उपग्रह कसला, दूध पावडरचा डबा. आत जुन्या मोबाइलची बॅटरी आणि तापमान मोजणारा चिमुकला तुकडा, बाहेर शेपटीसारखी तार. शनिवारी तो फुग्याला बांधून वर सोडायचा आणि त्याची टिकटिक खाली रेडिओवर ऐकायची. डबा घासून दिला मावशींनी. तेव्हापासून तो त्यांचा नातूच.

शुक्रवारी चाचणी होती. डबा चालू करून प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला आणि सगळ्याजणी रेडिओ घेऊन मैदानाच्या टोकाला गेल्या. थोडी टिकटिक आली, मग एकदम गप्प. मागून आलेल्या मावशी पोहोचल्या, तर मुली रडकुंडीला आलेल्या. उद्याचं रद्द करावं लागणार, असं म्हणत बाईंनी मावशींना डबा आणायला पिटाळलं.

मावशींनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. खोलीतून निघताना टेबलावर काही उघडं ठेवायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. नातूही पुसूनबिसून कुलपात गेला होता. दार उघडलं आणि मैदानात मुली ओरडल्या, आला, आला. मावशी चपापल्या. दार लावलं, मैदान चिडीचूप. उघडलं, पुन्हा गलका.

बाई धापा टाकत आल्या, तेव्हा मावशींचा हात दारावरच होता.

"मावशी, अहो, काय चाललंय?"

"थांबा बाई. अजून एकदा बंद करून बघते. लोखंडातून त्याचा आवाज जात नाही वाटतं."

बाई रागवायच्याच बेतात होत्या. पण ते ऐकून त्यांनी मुलींची प्रयोगवही उघडून पुढे सरकवली. मावशींनी सावकाश नाव लिहिलं. इयत्तेच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, आठवी.