जानरावच्या विहिरीचं पाणी

जानरावला खडकाआडचं पाणी ऐकू येतं, असं वस्तीतले लोक म्हणायचे. तो स्वतः तसं कधी म्हणाला नाही. पण विहिरीचं काम चालू असताना दुपारी सगळे भाकरी खायला वर गेले, की तो एकटा खालीच रेंगाळायचा. गार कातळाला कान लावून डोळे मिटायचा. वर आभाळाचा गोल तुकडा पांढरा होऊन तरंगत असायचा, आणि त्याला वाटायचं, कातळापलीकडे कुणीतरी गाढ झोपलंय आणि आपण त्याचा श्वास ऐकतोय.

त्यांची वस्ती बीबी गावच्या बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. बौद्ध धम्म घेतला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं ठरवलं, की गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतेल म्हणून घागर धरून उभं राहायचं नाही. आपली विहीर आपणच खणायची. जानरावनं मजुरीनं दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या होत्या, म्हणून तोच पुढे झाला. मुरूम संपला, त्याखालचा ठिसूळ मांजऱ्या खडक संपला, काळा कातळ लागला. सुरुंग लावून लावून माणसं थकली. एकेक जण दुसऱ्या कामाला जाऊ लागला. जानराव मात्र रोज पहार घेऊन उतरायचा.

पाणी लागलं तेव्हा काही उसळलं-बिसळलं नाही. कातळाच्या एका चिरेतून ते गुपचूप आलं आणि त्याच्या पावलांभोवती पसरलं. जानरावच्या नव्या नवरीनं, कलाबाईनं, पहिली ओंजळ प्यायली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "गोड हाय."

बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या विहिरींचे तळ दिसले. जानरावची विहीर आटली नाही. ज्या घरांच्या ओट्यासमोर त्याची आई घागर घेऊन ताटकळली होती, त्या घरांतल्या बाया वस्तीवर पाण्याला येऊ लागल्या. जानराव काठावरच्या दगडावर बसून राहायचा. कुणाला टोमणा मारला नाही, कुणाला अडवलं नाही. पोहरा खाली जायचा, भरून वर यायचा, आणि ते बघता बघता सकाळ कधी सरली हे त्याला कळायचं नाही.

तोवर त्याचं अंग मात्र आखडत चाललं होतं. सकाळी पाठ लाकडासारखी व्हायची. मग मान वळेना. हाक आली की त्याला सगळं अंग फिरवावं लागे. शेजारचा गुलाबराव तर दोन काठ्यांवर आला. वस्तीतल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी निघत, त्यांवर पट्टे असत, आणि लग्नाच्या पोरी ओढणी तोंडावर धरून हसत. कुणी वात म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. तेलं झाली, गोळ्या झाल्या. जानराव पहारीसारखा ताठ बसून राहू लागला. वर बघता येत नसे, म्हणून आभाळ त्याला फक्त दूर शेताच्या कडेला दिसायचं.

आणीबाणीच्या दिवसांत एकदा नागपूरच्या प्रयोगशाळेची जीप वस्तीवर आली. तिच्यातून उतरलेला रसायनशास्त्रज्ञ शालिग्राम मूळचा मेहकरकडचा, म्हणून बोली इथलीच. त्यानं पोरांना तोंड उघडायला लावलं, जानरावला वाकून दाखवायला सांगितलं, आणि मग सगळ्यांना एकच विचारलं, पाणी कुठलं पिता. जानरावनं अभिमानानं विहिरीकडे हात केला.

लिंबाखाली बाज टाकून शालिग्रामनं दोन काचनळ्या ठेवल्या. एकीत ओढ्याचं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्हींत लाल औषधाचे सारखेच थेंब टाकले. दोन्ही नळ्या गुलाबी झाल्या. थोड्या वेळानं ओढ्याची नळी गुलाबीच राहिली. विहिरीच्या नळीतला गुलाबी रंग मात्र विरत गेला, आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं. लोक पुढे सरकून बघत होते. जानरावला ते सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटलं.

शालिग्रामनं समजावलं, की खोल खडकात फ्लोराईड नावाचा क्षार असतो. तो पाण्यात उतरतो, आणि नळीतलं पाणी त्यानंच पिवळं झालं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. थोडा असला तर बिघडत नाही, पण या पाण्यात तो फार आहे, आणि वर्षानुवर्षं पिऊन तो दातांत आणि हाडांत बसतो.

जानराव उठला. ताठ पाठीनं विहिरीपाशी गेला, काठावरची पहार उचलायला गेला, पण वाकता येईना. तसाच उभा राहून म्हणाला, "बुजवून टाका. म्याच खणली, मीच सांगतो. माह्या हातानं म्या अख्ख्या वस्तीले हे पाजलं."

कलाबाई त्याच्या मागोमाग आली होती. ती शांतपणे म्हणाली, "हे पानी नसतं तर त्या सालात आपली लेकरं वाचली नसती. बुजवायचं काऊन? काय करता येते ते ह्या साहेबाले इचारा."

शालिग्राम जवळ आला. "बाबा, तुम्ही पानी काढलं. त्याच्यात काय हाय हे तवा कोनालेच माहीत नव्हतं. आमी ते काढून टाकायच्या मागं लागलो हावो. थोडा धीर धरा."

तो बाटल्या भरून घेऊन गेला. काही महिन्यांनी चुना आणि तुरटी घेऊन परत आला. प्रयोगशाळेत त्यांनी याच पाण्यावर पुन्हा पुन्हा माप बसवून बघितलं होतं. बादलीत आधी चुना, मग तुरटीचं पाणी. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी सावकाश. तेव्हा पाण्यात पांढरे पुंजके धरतात, फ्लोराईड त्यांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर तळाला बसतं. वरचं निवळलेलं पाणी प्यायचं, खालचा गाळ लांब, आडबाजूच्या खड्ड्यात टाकायचा.

पहिल्यांदा ते जमलं नाही. बायांनी अंदाजानं तुरटी टाकली, पाणी तुरट लागलं. कुणी ढवळायचा कंटाळा केला, कुणाकडे गढूळच राहिलं. पंधरवड्यात बहुतेक घरं पुन्हा सरळ विहिरीचं पाणी पिऊ लागली. शालिग्राम आला, ते बघून नाराज झाला, पण चिडला नाही. घरोघरच्या भांड्यांचा आकार बघितला, मापाचे दोन चमचे करून दिले, आणि ढवळणं दाखवत दोन दिवस वस्तीतच राहिला. जाताना त्यानं जानरावला विचारलं, सगळ्या वस्तीचं पाणी एका जागी करता येईल, तुम्ही बघाल का?

जानराव हो म्हणाला. लिंबाखाली दोन मोठी पिंपं आली. उंच बाजेवर बसून लांब दांड्यानं ढवळायला त्याला वाकावं लागत नसे. जोरात फिरवून झालं, की तो दांडा इतका हळू चालवायचा, की बघणाऱ्यालाच झोप यावी. मग पाण्यात पुंजके उमलायचे. ढगांसारखे एकमेकांना बिलगायचे, मोठे व्हायचे, आणि घाई न करता खाली उतरायचे. किती दिवसांनी आपण ढग बघतोय, असं त्याला वाटायचं. कलाबाई भाकरी घेऊन यायची आणि त्याच्याशेजारी बसून तीही बघत राहायची.

त्याची पाठ सरळ झाली नाही. आखडलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हे शालिग्रामनं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. पण पुढे जन्मलेल्या नातीचे पक्के दात आले ते पांढरेशुभ्र, आणि वस्तीतलं कुणी नव्यानं काठीवर आलं नाही.

एकदा हिवाळ्यात शालिग्राम त्याला जीपमधून लोणारच्या पलीकडे एका वस्तीवर घेऊन गेला. तिथं नवी विहीर खणत होते. तिथल्या माणसांना जानरावनं सांगितलं, पाणी लागलं की प्यायच्या आधी बाटली नागपूरला पाठवा. मग काठावर खाट टाकून तो उन्हात बसला. त्याचे डोळे जड झाले. खालून ठोके येत होते, मध्येच थांबत होते. उन्हं कलली तशी ड्रायव्हरनं घाई केली, अंधार पडायच्या आत परत निघायला हवं म्हणाला.

"थांबा ना थोडं," जानराव म्हणाला. "लागू द्या."

ड्रायव्हरनं शालिग्रामकडे बघितलं. शालिग्राम पिशवीतून कोरी बाटली काढून खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला.